गाजरगवत : आले कसे, फोफावले कसे?

परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती शत्रू नसते. वरळीच्या बीडीडी चाळीत घरोघरी चिरला जाणारा बटाटा आणि फोडणीत पडणारी मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. पण ती आपल्याला लावावी लागतात, जोपासावी लागतात. याउलट काही आगंतुक कोणी न लावता पसरतात आणि मूळच्या वनस्पतींची जागा बळकावतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘आक्रमक परकीय प्रजाती’ म्हणतात. मी कला शाखेचा विद्यार्थी; वनस्पतिशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु अशी एक प्रजाती आमच्या दारातच उभी असल्याने तिची चौकशी करणे भाग पडले. ती म्हणजे गाजरगवत.

पाने गाजरासारखी म्हणून हे नाव. पांढऱ्या फुलांवरून कोणी त्याला ‘काँग्रेस गवत’ही म्हणतात. वास्तविक ते गवतच नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले रोपटे आहे. त्याचे माहेर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश. आपल्याकडे ते प्रथम ठळकपणे नजरेत आले पुण्यात, १९५५ च्या सुमारास. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून बी आले, असा समज रूढ आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातही ते भारतात होते, असे जुन्या नोंदींवरून काही अभ्यासक सांगतात. म्हणजे येणे वेगळे आणि फोफावणे वेगळे!

मग ते फोफावले कशाच्या बळावर? एक, बी. एकच रोप १५ ते २५ हजार बिया देऊ शकते. त्या वाऱ्याने, पाण्याने, चाकांना लागलेल्या चिखलाने दूर जातात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. दोन, लवचीकपणा. पाऊस चांगला झाला तर ते माणसाच्या छातीइतके वाढते. पाण्याची ओढ असली तर वीतभर उंचीवरच फुलून मोकळे होते. तीन, ‘पार्थेनिन’ हे द्रव्य. त्यामुळे शेजारच्या रोपांची वाढ खुंटते आणि गुरेही तोंड लावत नाहीत. चार, त्याला खाणारे किडे मायदेशीच राहिले. म्हणूनच १९८४ साली मेक्सिकोतले भुंगेरे बंगळूरला मुद्दाम सोडण्यात आले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात. कोरड्या दिवसांत मात्र मातीत दडून बसतात, आणि गवताला पुन्हा फावते.

या चारही गुणांना एका गोष्टीची जोड लागते : उकरलेली, उघडी जमीन. ती आपण पुरवतो. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या आमच्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. इमारत पडली, राडारोडा उरला, दोन पाऊस झाले की तिथे प्रथम हजेरी लावतो तो हाच पाहुणा. मंडपाची जागा साफ करताना दरवर्षी पुढे असणाऱ्या आमच्या एका दादाचे हात गेल्या वर्षी खाजून लाल झाले. वारंवार संपर्क आला की या झाडामुळे त्वचेचा चिवट विकार जडतो. परागकणांनी काहींना दमाही होतो.

आता दुसरी बाजू पाहा. आपला गावकावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांजिबारला नेला गेला, तोही कचरा साफ करण्यासाठी. आज पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो तिथल्या पाखरांची अंडी-पिले खाणारा उपद्रवी ठरला आहे. इथला रहिवासी तिथे आक्रमक! तेव्हा दोष परकेपणाचा नाही. सुटलेल्या वैऱ्यांचा आणि बिघडलेल्या जागेचा आहे. ‘उपरे’ हा शब्द आपल्या शहरात माणसांवर सहज फेकला जातो, म्हणून हे स्पष्ट सांगावेसे वाटते. गिरणीसाठी कोकणातून, घाटावरून आलेल्यांनीच ही चाळ नांदती केली. झाडाचा नियम माणसाला लावू नये.

उपाय साधा आहे. फुले येण्यापूर्वी, ओल्या मातीतून, हातमोजे घालून गाजरगवत मुळासकट उपटावे. आणि मोकळी झालेली जागा तशीच सोडू नये. तिथे दुसरे काही लावावे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने येत्या पावसाळ्यात एवढे काम अंगावर घ्यायला काय हरकत आहे?