तोलाचा व्यायाम किती अवघड असावा?

डंबेल किती जड, हे त्यावर किलोत लिहिलेलं असतं. किती दमलो, हे सांगायला स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रेणी आहे. तोलाच्या व्यायामाच्या चिठ्ठीवर मात्र 'एका पायावर दहा सेकंद, पाच वेळा' एवढंच असतं. तेच दहा सेकंद एका आजोबांना सहज जमतात, दुसऱ्यांचा हात लगेच भिंतीकडे जातो.

हा फरक नोंदवायलाच हवा. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात १०८ चाचण्या तपासल्या गेल्या. तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी ज्येष्ठांचं पडणं सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. तोलाचा खरा कस लागला, तर फायदा जास्त, असं सिडनीच्या कॅथरीन शेरिंग्टन यांचे आढावे सांगतात.

पण कस मोजायचा कसा? तोल तपासणाऱ्या बर्ग चाचणीत १४ कृती आणि ५६ गुण असतात. त्यातून माणसाची क्षमता कळते. आजचा व्यायाम त्याला किती जड गेला, ते कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलनी फार्ली आणि सहकाऱ्यांनी नेमकं त्यासाठी मापन तयार केलं. त्यात थेरपिस्ट जे पाहतो तेही मोजलं जातं आणि व्यायाम करणाऱ्याला जे जाणवतं तेही.

पाहायचं काय? घोटे किंचित हलताहेत, गप्पा चालू आहेत, तर व्यायाम सोपा आहे. अंग डुलतंय, हात पसरतात, बोलणं थांबतं, तरी माणूस स्वतःच सावरतो, तर कस लागतोय. दर वेळी पाऊल टाकावं लागतं किंवा कुणाला तरी धरावं लागतं, तर एक पायरी खाली उतरायला हवं.

तोलाची माहिती डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-सांधे पुरवतात. म्हणून पाय जुळवणं, मान वळवणं, मऊ गादीवर उभं राहणं यांतली एकेकच गोष्ट बदलत अवघडपणा वाढवावा. डोळे मिटणं शेवटी, तेही ओट्याला लागून आणि शेजारी माणूस असतानाच. पूर्वी पडलेल्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी आधी डॉक्टर वा फिजिओथेरपिस्टला विचारावं.

पडण्याच्या भीतीने आई-वडिलांना आपण कायम सोपंच करायला लावतो. पण ज्या व्यायामात सावरावं लागत नाही, त्यातून सावरण्याची सवय होत नाही. म्हणून चिठ्ठीवर 'किती वेळा'च्या शेजारी 'किती जड गेलं' हा रकानाही हवा, आणि तो आजी-आजोबांना विचारूनच भरायला हवा.