कांजीची पहिली खेप

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना 'कांजी घ्या' म्हटले की त्यांना आजाऱ्याची पेज तरी आठवते, नाहीतर कपड्यांची खळ. इकडची कांजी निराळी. गाजर, राई व मीठ पाण्यात आंबवून केलेले हे आंबट, झणझणीत पेय होळीला मुगाच्या वड्यांबरोबर घेतात. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूरहून जी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली, त्यांपैकी आमचे एक. कांजी पीत आलो ती मात्र शेजाऱ्यांच्या घरची.

कोटरा सुल्तानाबादच्या घरी पहिली खेप मी फाल्गुनात घातली. शेजारच्या भाभीजींनी प्रमाण सांगितले: दोन लिटर उकळून पूर्ण गार केलेले पाणी, अर्धा किलो गाजराच्या फोडी, रंगासाठी लहानसे बीट, दोन मोठे चमचे राईची पूड, ३५ ते ४० ग्रॅम मीठ व चवीपुरते तिखट. पाणी गारच हवे. कारण राईचा झणका तिची पूड गार पाण्यात भिजल्यावर उत्पन्न होतो, कढत पाण्यात तो मरतो. बरणीला दादरा बांधून ती चार दिवस उन्हात ठेवली व रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळली. चौथ्या दिवशी बुडबुडे दिसले व आंबूस वास सुटला.

येथवर सारे यथास्थित होते. चूक पुढे झाली. स्वाद उडू नये म्हणून मी कांजी गाळून साध्या काचेच्या बाटल्यांत भरली, बुचे घट्ट आवळली आणि बाटल्या फळीवर मांडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला. एक बाटली फुटून काचा ओट्यापर्यंत उडाल्या होत्या. सासूबाई रोज त्याच वेळी फळीखाली धान्य निवडीत बसत; त्या दिवशी देवळात गेल्या होत्या, म्हणून निभावले.

गाजरातील साखरेपासून सूक्ष्म जीवाणू आम्ल तयार करतात, त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड वायूही सुटतो. दादऱ्यातून तो निघून जातो. बंद बाटलीत दाब वाढतच राहतो. परदेशांत घरी बिअर करणारे लोक यीस्टने निर्माण होणारा हाच वायू मुद्दाम बाटलीत कोंडतात. परंतु पहिले आंबणे संपल्याची खात्री करूनच ते लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर मोजून घालतात, आणि दाब सोसणाऱ्या जाड बाटल्या वापरतात. माझ्या कांजीत साखर किती उरली होती, हे कोणी मोजले होते?

उरलेल्या बाटल्या जाड गोणपाटात गुंडाळून थंड केल्या आणि तोंड दूर ठेवून एकेक बूच हळूहळू सैल केले. आता मनाजोगा आंबटपणा आला की बरणीच शीतकपाटात जाते, झाकण सैल ठेवून. कारण थंडीने आंबणे मंदावते, थांबत नाही. तेथे दोन-तीन दिवस मुरली की चव जुळून येते. वर लोकरीसारखी बुरशी दिसली किंवा दुर्गंध आला, तर वरचा थर काढून भागत नाही; सारी खेप टाकावी. मीठ पुष्कळ असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी बेतानेच घ्यावी.

होळीला सासूबाईंनी पेला रिकामा केला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बरी झाली आहे हो. पण पुढल्या वर्षी बरणीतच राहू दे."