विश्वाची वेस

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत आकाशाचा परीघ दिला आहे: १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने. आकडा अंदाजपंचे नाही. चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनांची आणि एका कल्पात चंद्राच्या प्रदक्षिणा ५७,७५,३३,००,०००. गुणाकार करून पाहावा, नेमका हाच आकडा येतो. सगळे ग्रह सारख्याच वेगाने चालतात आणि कल्पभरात प्रत्येक जण तेवढेच अंतर कापतो, हे त्यामागचे गृहीतक. पृथ्वीचा परीघ आचार्य ४,९६७ योजने धरतात. त्या मापाने या आकाशगोलाचा व्यास सुमारे ५,००० प्रकाशवर्षे भरतो. टॉलेमीचा तारकागोल याच्यापुढे अगदीच तोकडा होता. पृथ्वीच्या त्रिज्येच्या जेमतेम २०,००० पट; खरा सूर्यसुद्धा त्याच्या बाहेर पडेल!

आकडा केवढा मोठा, याचे मला फारसे अप्रूप नाही. गृहीतक चुकले की गुणाकार कितीही लांबला तरी चूकच. अप्रूप आहे ते आचार्यांनी पुढे जे म्हटले त्याचे. ब्रह्मांड एवढेच आहे की नाही, या वादात ते शिरतच नाहीत. ग्रह कल्पभरात जेवढा चालतो त्या अंतराला पूर्वसूरींनी खकक्षा म्हटले, आपले म्हणणे तेवढेच, असे सांगून ते मोकळे होतात. मोजता येते ते एक आणि असते ते दुसरे, हा भेद त्यांनी पाळला. विश्वाच्या आकाराविषयी आज जो गोंधळ दिसतो, तो बहुतांशी हा भेद विसरल्यामुळे होतो. ‘विश्वाचा व्यास ९३ अब्ज प्रकाशवर्षे’ असे सर्रास छापले जाते. तो व्यास दृश्य विश्वाचा आहे. खुद्द विश्वाचा आकार कोणीही मोजलेला नाही.

शंभर वर्षांपूर्वी तर आकाशगंगेपलीकडे काही आहे की नाही यावरच वाद होता. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस हे दोन खगोलज्ञ एकाच व्यासपीठावर आले. गोलाकार तारकागुच्छ आकाशात एका बाजूला, धनु राशीकडे, दाटलेले दिसतात. त्या अर्थी केंद्र तिकडे आहे आणि सूर्य कडेला, असे शॅपलीने ताडले होते. आकाशगंगेचा व्यास त्याने तीन लाख प्रकाशवर्षे धरला आणि एवढ्या पसाऱ्यात सर्पिल तेजोमेघही सामावून टाकले. कर्टिसची आकाशगंगा तीस हजार प्रकाशवर्षांची, सूर्य तिच्या मध्याजवळ आणि सर्पिल तेजोमेघ म्हणजे लांबवरच्या स्वतंत्र दीर्घिका. गंमत अशी की दोघेही निम्मे बरोबर आणि निम्मे चूक ठरले. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, हे शॅपलीच्या बाजूचे. तेजोमेघांबाबत कर्टिस जिंकला.

त्याला जिंकवले मात्र हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी. हार्वर्डच्या वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासताना, लहान मॅगेलन मेघातल्या सेफीड ताऱ्यांपैकी जो तारा जास्त तेजस्वी त्याची उजळण्या-मंदावण्याची आवर्तने तेवढी लांब, असे त्यांच्या ध्यानात आले. २५ ताऱ्यांवरचा हा निष्कर्ष १९१२ साली प्रसिद्ध झाला. आवर्तकाळ मोजला की खरे तेज कळते, खरे तेज आणि दिसणारे तेज यांच्या तुलनेतून अंतर कळते. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीच्या तेजोमेघात असा तारा सापडला. अंतर निघाले नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. शॅपलीच्या सगळ्या पसाऱ्याच्या कितीतरी बाहेर! तेही कमीच होते. सेफीड दोन जातींचे असतात हे वाल्टर बाडने १९५२ मध्ये दाखवले आणि दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली. आज देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर मानली जाते.

आता केंद्राचा प्रश्न. १९२७ मध्ये बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी आणि १९२९ मध्ये हबलने दाखवले की दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, आणि जितकी दूर तितकी वेगाने. ऐकणाऱ्याला वाटते, म्हणजे मधोमध आपणच! पण एका रांगेतल्या दीर्घिकांमधले प्रत्येक अंतर दुप्पट करून पाहा. कोणत्याही दीर्घिकेवर उभे राहिले तरी शेजारीण थोडी आणि लांबची जास्त सरकलेली दिसेल. हे समजावताना फुग्यावरच्या ठिपक्यांची उपमा हमखास येते आणि हमखास घोळ घालते, कारण ऐकणारा फुग्याच्या आत केंद्र शोधू लागतो. त्या उपमेत विश्व म्हणजे फक्त रबराचा पृष्ठभाग. आतली हवा हिशेबातच नाही. महास्फोट हा शब्दही तसाच फसवा. एका ठिकाणी बार उडाला आणि तुकडे चहूकडे उडाले, असे काही घडले नाही. जे घडले ते सगळीकडे घडले.

याचा पुरावा सगळ्या दिशांनी येतो. १९६४-६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना न्यू जर्सीत सापडलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण आकाशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून जवळपास सारखेच येते. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ केल्व्हिन. सिंह राशीच्या बाजूला ते किंचित ऊबदार भासते, कारण सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने तिकडे चालली आहे. त्यावरून आपली चाल कळते, केंद्राचा पत्ता लागत नाही.

विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे, मग दृश्य विश्वाची त्रिज्या १३.८ ऐवजी ४६ अब्ज प्रकाशवर्षे कशी? प्रकाश वाटेत असताना मागची वाट ताणली जाते म्हणून. हे सूक्ष्मलहरींचे प्रारण निघाले तेव्हा विश्व ३,८०,००० वर्षांचे होते आणि ज्या वायूतून ते निघाले तो आपल्या जागेपासून अवघ्या ४ कोटी प्रकाशवर्षांवर होता. तोच वायू, त्याच्या आता दीर्घिका झाल्या असतील, आज ४५ अब्ज प्रकाशवर्षांवर पोचला आहे. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या मॉम-झेड१४ या दीर्घिकेचे अंतर असेच सुमारे ३४ अब्ज. तिचा जो प्रकाश आपण पाहतो, तो महास्फोटानंतर २८ कोटी वर्षांनी निघालेला. म्हणजे ही त्रिज्याही प्रवासाचे माप आहे: प्रकाश विश्वाच्या आयुष्यभरात कुठवरून येऊ शकला, त्याचे. भास्कराचार्यांच्या ग्रहांच्या जागी प्रकाश आला, कल्पाच्या जागी १३.८ अब्ज वर्षे. त्यापलीकडे विश्व संपते असे त्यातून निघत नाही.

काठ असेल तर काठावरून भाला फेकला तर तो कुठे जाईल? ग्रीकांपासून चालत आलेला हा प्रश्न आइनस्टाइनच्या भूमितीने बराच बोथट केला. पृथ्वीच्या पृष्ठभागाला मर्यादा आहे पण कडा नाही, तसेच तीन मितींच्या अवकाशाचेही असू शकते. प्लांक उपग्रहाच्या मोजणीनुसार अवकाशाची वक्रता शून्याच्या इतकी जवळ आहे की विश्व वळून स्वतःला मिळत असेलच, तर ते दृश्य भागापेक्षा बरेच मोठे असले पाहिजे. सपाट असूनही ते गुंडाळलेले असू शकते. ते दृश्य विश्वाहून पुरेशा लहान मापात गुंडाळलेले असते, तर सूक्ष्मलहरींच्या प्रारणाच्या नकाशात एकसारख्या वर्तुळांच्या जोड्या दिसल्या असत्या. शोधूनही त्या मिळालेल्या नाहीत. अनंत असण्याला मात्र कोणताच नियम आड येत नाही.

जागेप्रमाणे काळातही विश्वाला वेस नाही, त्याला आरंभच नाही, असे मानणारा एक मोठा माणूस आपल्यातलाच. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्थिर-स्थिती विश्वाच्या बाजूने काम केले. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी त्याची नवी आवृत्ती मांडली. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले. अखेरपर्यंत महास्फोटाविषयी ते साशंकच राहिले. पुरावा त्यांच्या बाजूने गेला नाही, असेच मला वाटते. पण बहुमत हा पुरावा नव्हे, हे ते बजावत आले, आणि ते बजावायला कोणीतरी लागतेच. त्यांनी उभारलेल्या आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेतल्या आणि तिथल्याच आयसरमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा सरस्वती हा महासमूह शोधला. अंतर सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे, विस्तार ६० कोटी. दृश्य विश्वाच्या व्यासापुढे हाही एक टक्क्याच्या आतच.

काठ नसला तरी क्षितिज आहे. १९९८ मध्ये अतितेजस्वी नवताऱ्यांच्या अभ्यासातून कळले की प्रसरण वाढत्या वेगाने होत आहे. या वेगवाढीमागे जे काही आहे त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात. ती आजच्यासारखीच राहिली, तर सुमारे १६ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकेतून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. मॉम-झेड१४ आपल्याला दिसते, पण तिचे आजचे रूप कधीही दिसायचे नाही.

मात्र ‘राहिली तर’ ही अटच आता डळमळू लागली आहे. ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेत डेसी हे उपकरण एकाच वेळी ५,००० दीर्घिकांचे वर्णपट घेते. सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार जमेस धरून मार्च २०२५ मध्ये आलेले निकाल सुचवतात की कृष्ण ऊर्जा काळानुसार मंदावत असावी. कोणती विदा जोडून हिशेब केला त्यानुसार संकेत २.८ ते ४.२ सिग्मा (तो निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचे माप) इतका ठरतो; शोध जाहीर करायला भौतिकशास्त्र ५ मागते. तो आकडा गाठला गेला, तर १६ अब्जांचे ते क्षितिज पुन्हा मोजायला घ्यावे लागेल.