लीड्सचं वार्तापत्र : काचेवरचं पाणी

जानेवारीत इथे सूर्य उगवायला सव्वाआठ-साडेआठ होतात. उगवला तरी वर चढत नाही. रस्त्याच्या टोकाशी टेकून राहतो आणि थेट डोळ्यांत येतो. बर्फाने गाड्या घसरू नयेत म्हणून आदल्या रात्री पालिकेच्या गाड्यांनी रस्त्यावर खाणीतलं मीठ पसरलेलं असतं. पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेलं ते खारं पाणी काचेवर वाळतं आणि पांढरी साय धरते. वायपर फिरवला तर ती आणखी पसरते. अशा वेळी स्टिअरिंगजवळची दांडी ओढून काचेवर पाणी मारायचं असतं. अशाच एका सकाळी मी दांडी ओढली आणि पाणी आलंच नाही. पुढचे दोन-तीनशे मीटर मी अंदाजाने गाडी चालवली, तेव्हा पोटात आलेला गोळा अजून आठवतो.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे मिठाची साय नसते, पण तिची सख्खी बहीण तुमच्या ओळखीची आहे. मृगाच्या पहिल्या सरीत कसाऱ्याचा घाट चढताना पुढच्या कंटेनरने उडवलेली तांबडी राड काचेवर बसते, तेव्हा समोरचं वळण असंच नाहीसं होतं. म्हणून हे पत्र काचेवर पाणी मारणाऱ्या एका अंगठ्याएवढ्या मोटरीबद्दल आहे आणि त्या मोटरीच्या निमित्ताने या देशाबद्दल.

आपल्याकडे ही वॉशर मोटर बिघडली की गाडी हायवेवरच्या मिस्त्रीकडे नेऊन सोडायची, चहा होईपर्यंत काम झालेलं असतं. इथे मी जवळच्या गॅरेजात विचारलं. मोटर स्वस्त होती, पण मजुरीचा आकडा तिच्या कितीतरी पट. एप्रिल 2025मध्ये ब्रिटनमध्ये 21 वर्षं आणि त्यावरच्या कामगाराला तासाला किमान 12.21 पौंड द्यावेच लागत होते, आणि शिकलेला मेकॅनिक त्याहून बराच जास्त घेतो. शिवाय जागेचं भाडं, विमा, वीज हे सगळं तासाच्या दरात येतं. या देशात वस्तू स्वस्त आणि माणसाचा तास महाग, हे एकदा कळलं की इथल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. बँकेतला साहेब रविवारी स्वतः भिंत रंगवतो, निवृत्त शिक्षिका स्वतः नळ दुरुस्त करते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

या सवयीमागे एक पुस्तकही आहे. जॉन हेन्स इथल्या हवाई दलात असताना एका सहकाऱ्याची मोटार पुन्हा उभी करत होते. कंपनीचं माहितीपुस्तक सामान्य माणसाच्या कामाचं नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी गाडी सुटी करताना पायरीपायरीने फोटो काढले आणि 1966 साली पहिलं हेन्स मॅन्युअल छापलं. गाडी खरोखर खोलायची, पुन्हा जोडायची आणि मगच लिहायचं, ही त्यांची पद्धत. माझ्या गाडीचं मॅन्युअल मला सार्वजनिक वाचनालयात मिळालं, आधीच्या वाचकांच्या ऑइलच्या बोटांसकट. आपल्या मिस्त्र्यांच्या हातात जे ज्ञान आहे ते असं मराठीत कुणी छापलं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

शनिवारी गाडी दारात उभी केली. दांडी ओढून आधी कान दिला. घूं असा आवाज येऊनही पाणी येत नसेल, तर नळी सुटलेली असते, नोझल तुंबलेलं असतं किंवा पाणी गोठलेलं असतं. आवाजच नसेल तर फ्यूज, वायर किंवा मोटर. माझ्याकडे आवाज नव्हता आणि फ्यूज शाबूत होता. शेजारचे आजोबा, ज्यांच्याशी तीन वर्षांत हवापाण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं, ते न बोलावता लोखंडी घोड्या घेऊन आले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, एवढंच त्यांनी बजावलं.

पुढचं चाक काढलं, मडगार्डच्या आतलं प्लास्टिक सोडवलं, तेव्हा पाण्याची टाकी दिसली. तिच्या तळाशी रबरी वायसरात मोटर नुसती दाबून बसवलेली असते. ना स्क्रू, ना बोल्ट. वायरीचा सॉकेट काढून त्याला टेस्टर लावला आणि आत बसलेल्या मुलाला दांडी ओढायला सांगितलं. दिवा लागला. वीज येत होती, म्हणजे मोटरच मेलेली. टाकीतलं उरलेलं पाणी घमेल्यात घेतलं, नळी काढली आणि मोटर वर उचलून ओढली. आतली चक्री फुटलेली होती. नोव्हेंबरात मी टाकीतल्या उरल्यासुरल्या निळ्या स्क्रीनवॉशवर, म्हणजे काच धुवायच्या, सहसा न गोठणाऱ्या द्रावणावर, नळाचं साधं पाणी भरलं होतं. थंडीत ते गोठलं, फुगलं आणि त्याने चक्री फोडली. दोष माझाच.

नवी मोटर घेताना जुनी सोबत नेली, कारण काही गाड्यांत एकच मोटर पुढच्या आणि मागच्या दोन्ही काचांना पाणी देते. ती एका दिशेने फिरली की पुढे, उलटी फिरली की मागे. तिला नळ्या दोन असतात आणि त्यांची अदलाबदल झाली की दांडी पुढची ओढायची आणि पाणी मागे उडायचं. वायसरही नवा घातला. तो जुना ठेवला तर तिथूनच गळती लागते. घमेल्यातलं निळसर पाणी मी रस्त्याकडेच्या गटारात ओतायला निघालो तेव्हा आजोबांनी अडवलं. इथली पावसाची गटारं बरेचदा थेट ओढ्याला मिळतात.

एवढी धडपड कशासाठी, तर वार्षिक परीक्षेसाठीही. गाडी तीन वर्षांची झाली की तिला दरवर्षी ‘एमओटी’ द्यावी लागते. 1960 साली ही तपासणी दहा वर्षांच्या गाड्यांसाठी सुरू झाली, 1967पासून तीन वर्षांच्या. एमओटी हे नाव मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टचं. त्या नावाचं खातं आता राहिलं नाही, तपासणी राहिली. ब्रेक-टायरसोबत काचेवर पुरेसं पाणी येतं का हेही पाहतात, आणि नाही आलं तर गाडी नापास. कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की ती कधी, कशात नापास झाली ते कुणालाही वाचता येतं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यासाठी याहून प्रामाणिक दलाल नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तोवर काचेवर पाणी येतं का, हे मालकाशिवाय कुणी पाहत नाही.

साध्या पाण्याबद्दल आणखी एक, आणि हे उन्हाळ्यात तापणाऱ्या आपल्या तालुक्यांनीही लक्षात ठेवावं. 2010 साली इथल्या आरोग्य संरक्षण संस्थेने गाड्यांच्या टाक्यांतलं पाणी तपासलं. स्क्रीनवॉशचं द्रावण न घातलेल्या दर पाच गाड्यांपैकी एकीत न्यूमोनिया आणणाऱ्या लिजनेला जिवाणूंचा माग सापडला. द्रावण असलेल्या एकाही गाडीत नाही. कोमट, साचलेलं पाणी त्या जिवाणूला मानवतं. आणि हे द्रावण विषारी असतं, बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

जिथे भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि पाड्यावर टँकर येतो, तिथे काच धुवायला पाणी घालवणं जिवावर येतं, हे मी जाणतो. पण वॉशरच्या टाकीत मावतं ते जेमतेम दोन-चार लिटर, आणि तेवढं महिनोन् महिने पुरतं.

तेव्हा मे संपायच्या आत मिस्त्रीकडे जा, त्याच्या तासाचे पैसे घासाघीस न करता द्या. आणि पावसात घाटाकडे निघालात, तर माळशेजसाठी सरळगावला आणि कसाऱ्यासाठी खर्डीला गाडी बाजूला घेऊन एकदा दांडी ओढून पाहा. पाणी काचेच्या मध्यापर्यंत उडालं तरच पुढे निघा.