हद्दीतली वीज

फ्रँचायझी हा शब्द आता आपल्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. आइस्क्रीमचे दुकान असो की कुरियरचे ऑफिस, मोठी कंपनी आपले नाव देते आणि सांगते, या चौकापासून त्या पुलापर्यंत इलाका तुमचा, इथे दुसऱ्याला येऊ देणार नाही. गंमत अशी की, फ्रेंच भाषेतल्या या शब्दाच्या मुळाशी मोकळीक असा अर्थ आहे. दुकानाच्या बाबतीत गिऱ्हाइकाला ती असतेही. कुरियर आवडले नाही तर तो रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे जातो.

विजेच्या बाबतीत रस्ता ओलांडता येत नाही. नागपूरकरांनी हे आठ वर्षे अनुभवले. 1 मे 2011 पासून महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या महावितरणच्या तीन विभागांचे काम स्पॅन्को या खासगी कंपनीकडे गेले. पुढे ते एस्सेल समूहाकडे आले, पण लोकांच्या तोंडी नाव राहिले एसएनडीएल. काँग्रेसनगर विभाग मात्र महावितरणकडेच होता. एकाच शहरात कुणाचे बिल एसएनडीएलचे, तर कुणाचे महावितरणचे.

ही हद्द कशी ठरते? आपल्याला वाटते, नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली की झाले. विजेला रेघ कळत नाही, तिला मीटर कळते. उपकेंद्रातून निघालेली प्रत्येक वाहिनी, म्हणजे फीडर, जिथे कंपनीच्या भागात शिरते तिथे मीटर बसवावे लागते. एखादी वाहिनी आत शिरून पलीकडे पुन्हा बाहेर पडत असेल, तर बाहेर पडण्याच्या ठिकाणीही मीटर हवे. खरी सीमा ही.

आणि सगळा हिशेब या मीटरांवर उभा असतो. समजा, सीमेवर 100 युनिट नोंदले गेले आणि ग्राहकांकडून पैसे आले 70 युनिटांचे. बाकीची वीज कुठे आकडा टाकून गेली, कुठे जुन्या तारांत जिरली, कुठे बिल थकले. कंपनीने महावितरणला पैसे द्यायचे ते 100 युनिटांचे, करारात ठरलेल्या दराने. तिने 70 चे 85 केले, तर वाढलेली वसुली तिची कमाई. म्हणूनच एका हद्दीत एकच कंपनी लागते. एकाच गल्लीत दोघे असते, तर गळती कुणाच्या नावावर मांडायची? आणि पकडलेल्या चोरीचा फायदा शेजाऱ्याला मिळणार असेल, तर नव्या तारा, नवी डीपी यांवर पैसा कोण घालणार?

पण हद्द आखणाऱ्याच्या हाती आणखी एक गोष्ट असते. फक्त बंगले आणि घाऊक बाजार असलेला भाग तोडून दिला, तर मलई एकाकडे आणि ताक दुसऱ्याकडे. म्हणून अख्खा विभाग द्यावा लागतो, पेढ्यांसकट आणि झोपडपट्ट्यांसकट. नागपुरात तीन विभाग सलग दिले गेले, हे माझ्या मते बरोबरच होते.

इलाका हा शब्द अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ संबंध, नाते असा आहे. नाते दोन्ही बाजूंचे असते. कंपनीला मक्तेदारी मिळाली, मग ग्राहकाला काय? 2003 च्या वीज कायद्यात याचे उत्तर आहे. फ्रँचायझी ही परवानाधारकाच्या वतीने, त्याच्याच क्षेत्रातल्या ठराविक भागात वीज वाटते. तिला वेगळा परवाना लागत नाही. परवाना महावितरणचा, त्यामुळे अंतिम जबाबदारीही तिचीच. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून हद्दीच्या अलीकडे-पलीकडे दर सारखाच होता. तक्रारीसाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. अंधारात बसलेल्या माणसाला हे सारे कुणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी. त्याला एवढेच कळते की, फोन कुणाला करायचा ते कळत नाही.

मुंबईच्या उपनगरांत चित्र निराळे आहे. तिथे दोन परवानाधारकांचे क्षेत्र एकमेकांवर येते. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा हक्क मान्य केला आणि त्यानंतर तिथल्या ग्राहकाला कंपनी बदलता येऊ लागली. फ्रँचायझीच्या हद्दीत हा पर्याय नाही.

राज्यात हा प्रयोग सुरू झाला भिवंडीत, 26 जानेवारी 2007 रोजी. यंत्रमागांच्या त्या शहरात टोरंट कंपनी टिकली. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा करार मात्र 2014 मध्ये संपला, जळगावचा 2015 मध्ये. नागपुरात करार होता 15 वर्षांचा, पण सप्टेंबर 2019 मध्ये तिन्ही विभाग महावितरणकडे परत आले. कंपनी गेली तरी खांब, तारा आणि ग्राहक जागच्या जागीच राहिले. मार्च 2020 पासून मालेगाव आणि मुंब्रा-शीळ-कळवा हे भाग याच पद्धतीने खासगी कंपन्यांकडे गेले.

अशी हद्द जिथे आखली जाईल तिथे तिचा नकाशा, गल्ल्यांच्या नावांसह, प्रत्येक वीज कार्यालयाच्या दारावर लावावा. करार अर्ध्यावर सुटला तर दुसऱ्या दिवशी तक्रार कुठे न्यायची, तेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.