तिकीट तपासनीस, शेवटचं षटक आणि तो षटकार: धोनीच्या गोष्टीत काय गाळलं जातं

दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात, स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये किंवा विक्री प्रतिनिधींच्या मेळाव्यात कोणी यशावर बोलायला उभं राहिलं की महेंद्रसिंह धोनीचं नाव येतंच. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. रांचीचा साधा मुलगा, खडगपूर स्टेशनवर तिकिटं तपासायचा. एक दिवस त्यानं नोकरीवर पाणी सोडलं आणि पुढे वानखेडेवर षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला. यातल्या घटना खऱ्या आहेत. पण सांगताना त्यांच्या मधला सगळा भाग गाळला जातो आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं उरलेल्या तुकड्यांवरून आपल्या आयुष्याचे हिशेब मांडतात. मला याची काळजी वाटते. शिकण्यासारखं आहे ते बहुतेक त्या गाळलेल्या भागातच.

गैरसमज: एक सामान्य टीसी होता, त्याचा क्रिकेटपटू झाला.

क्रम उलटा आहे. धोनी चांगला क्रिकेटपटू होता म्हणून टीसी झाला. रेल्वेची नोकरी त्याला क्रीडा कोट्यातून मिळाली. २००१ मध्ये तो खडगपूरला रुजू झाला त्याआधीच, १९९९-२००० च्या हंगामात, तो बिहारकडून रणजी खेळला होता. त्याच्याही आधी सेंट्रल कोल फील्ड्सच्या संघानं त्याला घेतलं होतं. शाळेत तो फुटबॉलचा गोलरक्षक होता. क्रीडाशिक्षक केशव बॅनर्जी यांनी त्याच्या हातात यष्टिरक्षकाचे ग्लोव्हज दिले. म्हणजे शाळा, क्लब, कोळसा कंपनी, राज्याचा संघ आणि मग रेल्वे, अशा पायऱ्या तो एकेक करून चढत आला होता. महिन्याचा पगार हातात ठेवून खेळता यावं यासाठीच ती नोकरी होती.

हाच गैरसमज आपल्याकडे २०२४ मध्ये पुन्हा दिसला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं आणि ‘टीसीनं पदक आणलं’ अशी चर्चा घरोघरी झाली. स्वप्नीलनंही धोनीकडून प्रेरणा घेतल्याचं सांगितलं होतं. पण तो २००९ मध्येच राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता आणि २०१५ पासून मध्य रेल्वेत होता. प्रबोधिनीतला प्रवेश, प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांचं मार्गदर्शन आणि रेल्वेचा आधार यांच्या जोरावर पंधरा वर्षांनी ते पदक आलं. फलाटावरून थेट ऑलिंपिक असा रस्ता नव्हता. हे कळलं, तर गावातला एखादा बाप ‘आपल्या नशिबात नाही’ म्हणण्याऐवजी प्रबोधिनीची निवड चाचणी कधी असते ते विचारेल.

गैरसमज: खरी प्रतिभा लपून राहत नाही.

राहते. ती लपून राहते हे ओळखूनच क्रिकेट मंडळानं लहान शहरांतले खेळाडू हेरण्यासाठी प्रतिभा शोध विभाग उभा केला. त्याचे प्रमुख होते मुंबईचे दिलीप वेंगसरकर. या विभागाच्या वतीनं बंगालचे माजी खेळाडू प्रकाश पोद्दार यांनी २००३ मध्ये जमशेदपूरला एका सामन्यात धोनीला पाहिलं आणि त्याचं नाव कळवलं. योजना १९ वर्षांखालच्यांसाठी होती आणि धोनी एकविशी ओलांडून गेला होता. वयाची अट त्याच्यासाठी बाजूला ठेवल्याचं वेंगसरकरांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. पोद्दार त्या दिवशी दुसऱ्या मैदानावर गेले असते तर काय, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे आणि तो विचारायलाच हवा.

धोनीचा प्रसिद्ध हेलिकॉप्टर फटका त्यानं रांचीतल्या संतोष लाल या मित्राकडून उचलला. संतोष झारखंडकडून रणजी खेळला, भारतीय संघापर्यंत मात्र पोहोचला नाही. २०१३ मध्ये आजारपणात त्याचं निधन झालं. शहर तेच आणि फटकाही तोच, तरी व्याख्यानात नाव येतं ते एकाचंच. ‘मेहनत केली की यश मिळतंच’ असं ठासून सांगणाऱ्यांनी संतोषचंही नाव घ्यावं.

गैरसमज: २००७ ला शेवटचं षटक जोगिंदर शर्माला दिलं तो निव्वळ जुगार होता.

नेतृत्वाच्या प्रशिक्षणात हे षटक ‘मनाचा कौल ऐका’ या धड्यासाठी वापरतात. प्रत्यक्ष धावफलक काय सांगतो ते पाहू. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. पाकिस्तानला ६ चेंडूंत १३ धावा हव्या होत्या, हातात एकच विकेट होती आणि मिसबाह खेळपट्टीवर होता. आर. पी. सिंग, इरफान पठाण आणि श्रीशांत या तिघांची चारही षटकं संपली होती. नावाजलेला पर्याय एकच होता, हरभजन. त्याच्या तीन षटकांत ३६ धावा गेल्या होत्या आणि सतराव्या षटकात मिसबाहनं त्याला तीन षटकार मारले होते. जोगिंदरनं तीन षटकांत १३ धावा देऊन एक बळी घेतला होता. शिवाय दोनच दिवसांपूर्वी, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला २२ धावा हव्या असताना, शेवटचं षटक त्यानंच टाकून सामना राखला होता.

हे सगळं समोर मांडलं की निर्णयातली हुशारी दिसते. मोठ्या नावाच्या मोहात न पडता त्या दिवशी कोण बरं टाकतंय एवढंच धोनीनं पाहिलं, आणि नेतृत्वातली अवघड गोष्ट हीच आहे. तरीही पहिला चेंडू वाइड गेला आणि दुसऱ्या वैध चेंडूवर षटकार बसला. ४ चेंडूंत ६ धावा उरल्या. मग मिसबाहनं चेंडू मागे उचलला आणि श्रीशांतनं झेल घेतला. तो झेल सुटला असता तर याच निर्णयाला आपण मूर्खपणा म्हटलं असतं. निकालावरून निर्णयाची पारख करण्याची सवय कार्यालयांतही तितकीच घातक ठरते.

गैरसमज: २०११ चा विश्वचषक त्या षटकारानं जिंकला.

या समजाला चित्रपटानं खतपाणी घातलं. २०१६ मधला नीरज पांडेंचा चित्रपट त्या अंतिम सामन्याभोवतीच गुंफलेला आहे. चित्रपट म्हणून तो मनाला भिडतो, पण त्याला चरित्र समजू नये. त्यात धोनीचा थोरला भाऊसुद्धा नाही, आणि निर्मात्यांमध्ये अरुण पांडे हा धोनीचा मित्र आणि व्यवस्थापक होता.

वानखेडेवर २७५ चं लक्ष्य होतं. सेहवाग शून्यावर आणि सचिन १८ वर बाद झाला. डाव उभा केला गौतम गंभीरच्या ९७ धावांनी. धोनीनं नाबाद ९१ धावा केल्या आणि दोघांनी मिळून १०९ जोडल्या. त्याआधी गोलंदाजीत आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं पहिल्या पाच षटकांत फक्त ६ धावा दिल्या होत्या, त्यांतली तीन निर्धाव. स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले. युवराजनं ३६२ धावा आणि १५ बळी मिळवून मालिकावीराचा मान घेतला. धोनीची अंतिम सामन्याआधीची त्या स्पर्धेतली सर्वोच्च धावसंख्या होती ३४.

अशी धावसंख्या असताना, भरात असलेल्या युवराजच्या आधी तो स्वतः फलंदाजीला आला. कारण साधं होतं. समोर श्रीलंकेचा मुरलीधरन गोलंदाजी करत होता आणि दोघं आयपीएलमध्ये चेन्नईच्या संघात असताना नेटमध्ये धोनी त्याला भरपूर खेळला होता. शिवाय गंभीर डावखुरा, त्यामुळे उजव्या-डाव्याची जोडीही जमली. मला त्या षटकारापेक्षा पॅड बांधून पायऱ्या उतरण्याचा तो निर्णय कितीतरी मोठा वाटतो.

गैरसमज: ‘कॅप्टन कूल’ला राग येत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये जयपूरच्या आयपीएल सामन्यात पंचांनी नोबॉलचा निर्णय बदलल्यावर बाद झालेला धोनी थेट मैदानात चालत आला. त्याला सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंड झाला. राग त्यालाही येतो, बहुतेक वेळा तो आवरतो.

गैरसमज: कर्णधार म्हणून तो स्वबळावर आला आणि टिकला.

२००७ मध्ये द्रविड, गांगुली आणि सचिन ट्वेंटी-२० विश्वचषकातून स्वतःहून बाजूला झाले म्हणून जागा रिकामी झाली. कर्णधारपदासाठी धोनीचं नाव मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष शरद पवार यांच्याकडे सचिननंच सुचवलं, हे दोघांनीही सांगितलं आहे. आपल्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या खेळाडूचं नाव पुढे करणं हाही नेतृत्वाचाच भाग आहे, पण त्यावर कोणी व्याख्यान देत नाही.

विश्वचषकानंतरच्या वर्षभरात भारतीय संघ इंग्लंडमध्ये कसोटी मालिका ४-० नं हरला आणि ऑस्ट्रेलियातही ४-० नं. निवड समितीला धोनीला हटवायचं होतं, हे समितीचे सदस्य मोहिंदर अमरनाथ यांनी नंतर उघड केलं. मंडळाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांनी संमती दिली नाही. धोनी आयपीएलमध्ये ज्या चेन्नईच्या संघाचा कर्णधार होता, तो संघ श्रीनिवासन यांच्याच कंपनीचा होता. हे योग्य की अयोग्य यावर आजही वाद घालता येईल. मात्र जून २०१३ मध्ये बर्मिंगहॅमला इंग्लंडला ५ धावांनी हरवून चॅम्पियन्स ट्रॉफी उचलणारा कर्णधार दीड वर्षापूर्वी पद गमावण्याच्या बेतात होता, आणि ते पद त्याच्यापाशी राहिलं ते दुसऱ्या कोणाच्या तरी नकारामुळे.