उमेदवाराची सबब, पक्षाची पारख

प्रचारात उमेदवाराची एखादी चूक मतदार पोटात घालतो. त्या चुकीवर उमेदवार आणि त्याचा पक्ष कोणती सबब पुढे करतात, हे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे, कारण माणसाची पारख तिथेच होते. मार्च 2024 मध्ये काँग्रेसने जयपूर लोकसभेसाठी सुनील शर्मा यांचे नाव जाहीर केले. काँग्रेसवर सातत्याने टीका करणाऱ्या ‘जयपूर डायलॉग्ज’ या व्यासपीठाशी शर्मांचे नाते आहे, असा आक्षेप लगेच आला आणि शशी थरूर यांनीही त्यावर जाहीर टिप्पणी केली. पक्षाची बाजू मांडायला आपल्याला वक्ता म्हणून बोलावत, व्यवस्थापनाशी आपला संबंध नाही, असा खुलासा शर्मांनी केला. मात्र संचालकांत त्यांचे नाव असल्याच्या बातम्या आल्या. 24 मार्चला पक्षाने प्रतापसिंह खाचरियावास यांना उमेदवारी दिली. 19 एप्रिलच्या मतदानाला तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते.

विरोधी विचारांच्या मंचावर जाणे हा काय गुन्हा आहे, असे कुणी विचारील. मुळीच नाही, लोकशाहीत तो गुणच मानावा. मग ते आधीच आणि पूर्ण सांगायला हवे होते. आक्षेप आल्यावर तुकड्यातुकड्याने दिलेला खुलासा खरा असला तरी संशय वाढवतो. पक्षाचा दोष तर त्याहून मोठा, कारण चौकशी यादी जाहीर होण्यापूर्वी करायची असते. जयपूर भाजपचा बालेकिल्ला, निकाल तोच लागला असता, हा दुसरा आक्षेप. भाजपच्या मंजू शर्मा तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकल्या, हे खरे. तरीही प्रमुख विरोधी उमेदवार पारखून घ्यायला मतदाराला जो वेळ मिळायला हवा, तो या घोळाने हिरावला.

सबब फक्त जयपुरातच ऐकू आली असे नाही. बारामतीत पत्नी सुनेत्रा यांना बहीण सुप्रिया सुळे यांच्याविरुद्ध उभे करणे ही चूक होती, अशी कबुली अजित पवारांनी ऑगस्ट 2024 मध्ये दिली. पण निर्णय संसदीय मंडळाचा होता, हेही जोडले. पक्षाचा अध्यक्षच मंडळाकडे बोट दाखवू लागला, तर जबाबदार कोणाला धरायचे?

गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, याची कारणे पक्षाने जाहीर करावीत आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण पुरणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये बजावले आहे. हीच शिस्त प्रत्येक उमेदवाराला लागू व्हावी. तोवर सभेत आलेल्या नेत्याला मतदारांनी दोनच प्रश्न विचारावेत: निर्णय कोणी घेतला, आणि तेव्हा तुम्हाला काय ठाऊक होते? सरळ उत्तर न देणाऱ्याच्या हाती पाच वर्षांचे निर्णय सोपवू नयेत.